मेनिंजायटिसची लस: नेमकी कोणती, कोणासाठी आणि केव्हा?

वैनगंगा

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांचे पालक आणि हज किंवा उमराहला जाणाऱ्यांचे नातेवाईक मेनिंजायटिसच्या लसीची चौकशी करत येतात, कारण त्यांच्या हातातल्या कागदावर ती मागितलेली असते. लसीकरणाच्या खोलीत परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम केल्यावर मला असे दिसले की, ज्यांच्या शरीराला या लसीची सर्वांत जास्त निकड आहे ती माणसे मात्र बहुधा चौकशीलाही येत नाहीत. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आणि अपघातानंतर पानथरी (प्लीहा) काढून टाकावी लागलेले लोक यांच्याकडे कोणतेही विद्यापीठ किंवा दूतावास दाखला मागत नाही, त्यामुळे त्यांना ती कोणी सुचवतही नाही. हा धागा काढण्याचे मुख्य कारण तेच आहे; मात्र प्रवासाविषयीचे प्रश्नही येथे अवश्य विचारावेत.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवतीच्या आवरणांना सूज आणणारे जंतू अनेक आहेत आणि त्या सर्वांवर चालणारी एकच लस नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. जिवाणूंमुळे होणाऱ्या मेनिंजायटिसमध्ये तीन नावे प्रमुख आहेत: न्यूमोकोकस, हिब आणि मेनिंगोकोकस. यांतील पहिल्या दोहोंविरुद्धच्या लसी आपल्या सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. हिबचा अंश पेंटाव्हॅलेंट लसीत असतो आणि ती बाळाला सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात टोचतात. न्यूमोकोकल लस, जिला आपल्याकडे सगळेच पीसीव्ही म्हणतात, ती २०१७ मध्ये काही राज्यांत सुरू झाली आणि २०२१ मध्ये देशभर पोहोचली. तिचे डोस सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात असतात. जन्मतः दिली जाणारी बीसीजी लहान मुलांना क्षयरोगाच्या मेनिंजायटिसपासून बऱ्याच प्रमाणात वाचवते. विदर्भातील काही जिल्ह्यांत दिली जाणारी जपानी मेंदूज्वराची लस ही डासांमार्फत पसरणाऱ्या एका विषाणूविरुद्ध आहे, तेव्हा ती झाली म्हणून मेनिंजायटिसची लस झाली असे समजू नये.

राहिला मेनिंगोकोकस. लोक दुकानात किंवा दवाखान्यात ‘मेनिंजायटिसची लस’ म्हणून जी मागतात, ती या जिवाणूविरुद्धची असते. ती आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही, त्यामुळे खासगी दवाखान्यात स्वतःच्या खर्चाने घ्यावी लागते आणि एका डोसला काही हजार रुपये पडतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही ती सरसकट सर्व मुलांना द्या असे सांगत नाही. पानथरी नसलेली किंवा निकामी झालेली मुले, रक्तातील कॉम्प्लिमेंट नावाच्या संरक्षक प्रथिनांची जन्मजात उणीव असलेली मुले, एचआयव्हीबाधित मुले, साथीच्या भागातील मुले आणि हज, आफ्रिका किंवा परदेशी वसतिगृह अशा ठिकाणी निघालेली मुले यांच्यासाठी ती सुचवलेली आहे. मोठ्या माणसांतही निकष जवळपास हेच आहेत. त्यांत या जिवाणूवर काम करणारे प्रयोगशाळेतील कर्मचारी आणि एक्युलिझुमॅबसारखे कॉम्प्लिमेंट रोखणारे औषध घेणारे रुग्ण यांची भर पडते. त्या औषधाने मेनिंगोकोकसचा धोका हजारपटीहून अधिक वाढतो, म्हणून औषध सुरू होण्याच्या किमान दोन आठवडे आधी लस देतात.

पैलतीर

वैनगंगाताई, अगदी वेळेवर धागा काढलात. आमची मुलगी सप्टेंबरमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी लीड्सला जाणार आहे आणि तिचे वय २२ आहे. विद्यापीठाच्या पत्रात ‘मेन एसीडब्ल्यूवाय’ लस घेतलेली असावी असे सुचवले आहे, पण सक्तीचे म्हटलेले नाही. तिकडे ती मोफत मिळते असे तिच्या मैत्रिणी म्हणतात. मग इथे एवढे पैसे खर्च करावेत का, आणि ही एक लस घेतली म्हणजे पूर्ण संरक्षण मिळाले असे समजावे का? आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ‘घेतली तर उत्तम’ एवढेच सांगितले, त्यामुळे निर्णय आमच्यावरच आला आहे.

निदान

पैलतीर, मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि दरवर्षी उन्हाळ्यात हा प्रश्न मला विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेनिंगोकोकसचे आजार घडवणारे मुख्य गट सहा आहेत: ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स आणि वाय. ब्रिटनने नोव्हेंबर १९९९ मध्ये ‘सी’ गटाची लस सुरू केली आणि त्या गटाचे रुग्ण झपाट्याने घटले. पुढे २००९ नंतर तिथे ‘डब्ल्यू’ गटाच्या एका आक्रमक प्रकाराचे रुग्ण वर्षागणिक वाढू लागले, म्हणून ऑगस्ट २०१५ पासून किशोरवयीन मुलांना चारही गटांची एसीडब्ल्यूवाय लस द्यायला सुरुवात झाली. शाळेत ही लस चुकलेल्यांना पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत ती मोफत मिळते, आणि पहिल्यांदाच विद्यापीठात दाखल होणाऱ्या, त्या वयाच्या आतील परदेशी विद्यार्थ्यांनाही हाच नियम लागू आहे. तुमची मुलगी वयाने त्यात बसते. तिथे पोहोचल्यावर जवळच्या जीपीकडे, म्हणजे त्या भागाच्या सरकारी दवाखान्यात, नाव नोंदवून ती लस मागू शकते.

तरीही माझा सल्ला ती इथेच घेऊन जावी असा आहे, आणि त्यामागचे कारण वेळेचे आहे. टोचल्यानंतर शरीरात पुरेशी प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. हा जिवाणू माणसाच्या घशात मुक्काम करतो. साधारणपणे दहांतील एक प्रौढ माणूस तो घशात बाळगून असतो आणि त्याला स्वतःला काहीही होत नाही, तर किशोर आणि तरुण वयात हे प्रमाण याहून जास्त असते. निरनिराळ्या देशांतून आलेली शेकडो मुले एका वसतिगृहात येतात, एकाच स्वयंपाकघरात वावरतात, एकमेकांच्या बाटलीतून पाणी पितात, आणि जिवाणूची ही देवाणघेवाण सर्वांत जोरात चालते ती पहिल्या काही आठवड्यांतच. नेमक्या त्याच काळात तुमची मुलगी घर शोधणे, बँकेचे खाते आणि दवाखान्यातील नोंदणी यांत गुंतलेली असेल. पैशांची खरोखर ओढाताण असेल तर तिथे जाऊन घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. मात्र नोंदणी पहिल्याच आठवड्यात करावी.

तुमचा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. या लसीत ‘बी’ गट नाही. बी गटाच्या जिवाणूभोवतीचे साखरेचे आवरण आपल्या शरीरातील काही पेशींवरच्या घटकाशी इतके मिळतेजुळते असते की, प्रतिकारशक्ती त्याला परके मानत नाही. म्हणून त्याच्यासाठी जिवाणूच्या प्रथिनांवर आधारलेली वेगळी लस बनवावी लागली. ब्रिटनमध्ये ती सप्टेंबर २०१५ पासून तान्ह्या बाळांना मोफत दिली जाते, पण विद्यार्थ्यांना सरसकट दिली जात नाही. हवी असल्यास तिथे खासगीत विकत घेता येते. तेव्हा एसीडब्ल्यूवाय घेतलेल्या मुलीनेही आजाराची लक्षणे ओळखायला शिकले पाहिजे. जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, मान आखडणे आणि उजेड सहन न होणे ही लक्षणे बहुतेकांना ठाऊक असतात. त्यांच्याही आधी हातपाय गार पडणे आणि पायांत कळा येणे हे दिसू शकते, ते मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. अंगावर लालसर-जांभळे ठिपके आले तर काचेचा पारदर्शक पेला त्यांवर दाबून पाहावा. दाबल्यावरही ठिपके पुसट होत नसतील तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. आपल्या सावळ्या कातडीवर ते नीट दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय, टाळू आणि पापण्यांच्या आतील बाजू पाहाव्यात. ठिपके उठण्याची वाट मात्र पाहू नये, कारण ते अनेकदा उशिरा येतात आणि काहींना येतच नाहीत.

सातमाळा

माझी आई ६८ वर्षांची आहे आणि ती मामांबरोबर उमराहला जाणार आहे. टूरवाल्याने लसीचा दाखला आणा असे सांगितले. आमच्या गावच्या औषध दुकानदाराने लसीच्या खोक्यावर ‘२ ते ५५ वर्षे’ असे छापलेले दाखवून आईला ती चालणार नाही असे सांगितले, त्यामुळे घरात सगळेच काळजीत पडले आहेत. शिवाय आईने काही वर्षांपूर्वी हजच्या वेळी ही लस घेतली होती. ती आता चालेल का?

वैनगंगा

सातमाळा, खोक्यावरची वयोमर्यादा पाहून घाबरू नका. परवान्यासाठी झालेल्या चाचण्या ज्या वयोगटात झाल्या तेवढेच वय वेष्टनावर छापतात. ५५ च्या पुढे ती घातक ठरली असा त्याचा अर्थ नाही. हजला जाणाऱ्यांत साठी-सत्तरीची माणसे मोठ्या संख्येने असतात आणि त्यांना ही लस दिलीच जाते. आईला कोणते जुने आजार आहेत आणि पूर्वी एखाद्या लसीने तीव्र ॲलर्जी झाली होती का, एवढे डॉक्टरांना सांगा आणि निर्णय दुकानदाराऐवजी त्यांच्याकडून घ्या.

जुनी लस चालेल का, हे ती कोणत्या प्रकारची होती आणि तिला किती काळ झाला यावर अवलंबून आहे. नुसत्या पॉलिसॅकराइड प्रकारच्या, म्हणजे जिवाणूच्या साखरेच्या आवरणापासून बनवलेल्या लसीचा दाखला सौदी सरकार तीन वर्षांपर्यंत ग्राह्य धरते आणि कॉन्ज्युगेट प्रकारच्या, म्हणजे त्या साखरेला प्रथिन जोडलेल्या लसीचा पाच वर्षांपर्यंत. दोन्ही बाबतींत सौदीत पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी टोचलेली असणे आवश्यक आहे आणि एक वर्षावरील सर्वांना ही अट लागू आहे. दाखल्यावर लसीचा प्रकार लिहिलेला नसेल तर ती जुन्या, म्हणजे तीन वर्षांच्या प्रकारात धरली जाते. म्हणून लस घेताना कुपीवरचे बॅच क्रमांकाचे छोटे लेबल कार्डावर चिकटवून घ्यावे, त्याखाली ‘कॉन्ज्युगेट’ हा शब्द लिहून घ्यावा आणि सही-शिक्का झाल्याशिवाय दवाखान्यातून उठू नये. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांसाठी सरकारी शिबिरे असतात आणि तिथे या गोष्टी आपोआप होतात. खासगी टूरने जाणाऱ्यांना मात्र त्या स्वतः पाहाव्या लागतात.

ही अट कशी आली तेही सांगते, म्हणजे ती निव्वळ कागदी औपचारिकता वाटणार नाही. १९८७ च्या हजमध्ये ‘ए’ गटाची मोठी साथ आली आणि परतलेल्या यात्रेकरूंबरोबर ती अनेक देशांत गेली. त्यानंतर ए आणि सी गटांची लस सक्तीची झाली. २००० आणि २००१ च्या हजमध्ये ‘डब्ल्यू’ गट उसळला, जो त्या लसीत नव्हता, म्हणून २००२ पासून चारही गटांची लस बंधनकारक करण्यात आली. उमराहच्या बाबतीत ढिलाई राहिली आणि २०२४ मध्ये तिथून परतलेल्या प्रवाशांत व त्यांच्या निकटच्या लोकांत अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स या देशांत रुग्ण आढळले. अमेरिकेने तपासलेल्या रुग्णांपैकी ज्यांची माहिती मिळाली त्यांतील एकानेही लस घेतलेली नव्हती.

काटेसावर

मी आतापर्यंत फक्त वाचत होतो, पण वैनगंगाताईंचे पहिले लिखाण वाचून लिहावेसे वाटले. काही वर्षांपूर्वी दुचाकीच्या अपघातात माझी पानथरी फुटली आणि रातोरात शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली. डॉक्टरांनी जीव वाचवला, त्यांचे उपकार आहेत. परंतु डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचे नाव, टाके कधी काढायचे आणि जड उचलू नये एवढेच लिहिलेले होते. लसीचा उल्लेख त्यात नव्हता आणि नंतरच्या तपासणीतही कोणी तो काढला नाही. मी ३४ वर्षांचा आहे, शेती करतो आणि परदेशी जाण्याचा प्रश्न नाही. मला खरेच ही लस लागते का?

निदान

काटेसावर, या धाग्यावर आतापर्यंत आलेल्या सगळ्या प्रश्नांमध्ये ‘हो’ हे उत्तर सर्वांत निःसंशयपणे द्यावे असा प्रश्न तुमचा आहे.

मेनिंगोकोकस, न्यूमोकोकस आणि हिब या तिन्ही जिवाणूंभोवती साखरेचे निसरडे आवरण असते, त्यामुळे रक्तातील भक्षक पेशींच्या तावडीतून ते सुटतात. असे आवरण असलेले जिवाणू रक्तातून गाळून काढण्याचे काम प्रामुख्याने पानथरी करते. ती नसेल तर साध्या तापाने सुरू झालेला संसर्ग काही तासांत संपूर्ण रक्तात पसरू शकतो आणि असे झाल्यावर उत्तम उपचार मिळूनही निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात. अशी वेळ क्वचित येते, पण तिचा धोका शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभर राहतो. ठरवून शस्त्रक्रिया करायची असेल तर लसी तिच्या किमान दोन आठवडे आधी देतात. तुमच्यासारख्या तातडीच्या प्रसंगी त्या शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवड्यांनी द्यायच्या असतात. ती वेळ टळली असली तरी लस घेण्याची मुदत संपलेली नाही. आज, उद्या, जेव्हा जमेल तेव्हा त्या घेता येतात.

तुम्हाला एकूण चार गोष्टी लागतील. पहिली न्यूमोकोकल लस, कारण पानथरी नसलेल्यांना सर्वाधिक धोका मेनिंगोकोकसपेक्षाही न्यूमोकोकसचा असतो. दुसरी मेनिंगोकोकल एसीडब्ल्यूवाय, आणि इथे एक फरक लक्षात ठेवा: प्रवाशांना तिचा एक डोस पुरतो, पण पानथरी नसलेल्यांना किमान आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात आणि पुढे दर पाच वर्षांनी एक वर्धक डोस. तिसरी हिबची एक मात्रा आणि चौथी दरवर्षीची फ्लूची लस, कारण फ्लूनंतर जिवाणूंना शिरकाव सोपा होतो. क्रमालाही महत्त्व आहे. डिप्थेरियाच्या टॉक्सॉइडला जोडलेली मेनिंगोकोकल लस आणि पीसीव्ही एकाच वेळी दिल्यास पीसीव्हीचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून आधी पीसीव्ही आणि निदान चार आठवड्यांनी ती मेनिंगोकोकल लस असा क्रम ठेवतात. इतर प्रकारच्या मेनिंगोकोकल लसींना ही अडचण नाही. तुमच्या फिजिशियनला हे सर्व माहीत असेल. तुम्ही फक्त ‘माझी पानथरी काढलेली आहे, माझ्या लसी राहिल्या आहेत’ हे वाक्य आपणहून बोला.

शेती करता म्हणून आणखी दोन गोष्टी सांगतो. पानथरी नसलेल्यांना मलेरिया अतिशय तीव्र होऊ शकतो, तेव्हा मच्छरदाणी टाळू नका. कुत्रा चावल्यास रेबीजच्या इंजेक्शनांबरोबर प्रतिजैविकही लागते, कारण कुत्र्याच्या लाळेतील एक जिवाणू अशा रुग्णांत भयंकर संसर्ग घडवतो. तेथील डॉक्टरांना पानथरीबद्दल आधी सांगा.

वैनगंगा

निदान यांनी लिहिलेले प्रत्येक वाक्य सिकलसेलच्या मुलांनाही लागू आहे आणि त्यावर मला थोडे अधिक लिहायचे आहे. सिकलसेलमध्ये पानथरी कोणी कापून काढत नाही. कोयत्याच्या आकाराच्या पेशी तिच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकत राहतात आणि ती हळूहळू आतल्या आत सुकून निकामी होते, बहुतेकदा शाळेत जाण्याच्या वयाच्या आतच. पोटावर व्रण नसतो, म्हणून आईवडिलांना हे कळायला मार्ग नसतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर आणि तिकडे नंदुरबार या भागांत असे रुग्ण घरोघरी नाहीत, पण गावोगावी निश्चित आहेत.

जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि तपासणीला वेग आला, ही फार चांगली गोष्ट झाली. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या पालकांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. परंतु हातात सिकलसेलचे कार्ड असलेल्या आईला ‘बाळाला न्यूमोकोकलचे सर्व डोस झाले का, पाच वर्षांपर्यंतचे पेनिसिलिन चालू आहे का, मेनिंगोकोकलची लस दिली का’ असे विचारले, तर तिसऱ्या प्रश्नावर ती बहुधा गोंधळून पाहते. पहिल्या दोन गोष्टी सरकारी व्यवस्थेत मिळू शकतात. तिसरी विकत घ्यावी लागते, आणि मजुरीवर जगणाऱ्या घराला एका डोससाठी हजारो रुपये, तेही दोनदा आणि पुढे पाच वर्षांनी पुन्हा, हे परवडण्याजोगे नाही. ज्या मुलांची पात्रता वैद्यकीयदृष्ट्या निर्विवाद आहे त्यांच्यासाठी तरी ही लस जिल्हा रुग्णालयातून मोफत मिळावी असे माझे ठाम मत आहे. अशा रुग्णांची नोंद मोहिमेमुळे आता होतच आहे, त्यामुळे कोणाला द्यायची हे शोधत बसावे लागणार नाही.

ह्यूस्टनकर

अमेरिकेत येणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो. इथे नियम राज्यागणिक आणि विद्यापीठागणिक बदलतात, म्हणून मैत्रिणीच्या विद्यापीठात काय मागितले यावर विसंबू नये. टेक्ससमध्ये २२ वर्षांखालील नव्या विद्यार्थ्यांना ही लस कायद्यानेच लागते. ती मागील पाच वर्षांत आणि सत्र सुरू होण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असली पाहिजे, नाहीतर वर्गांची नोंदणी अडते. एमएससाठी येणारी आपली बरीच मुले बावीस ओलांडलेली असतात, त्यांना ती सक्तीची नसते. पदवीसाठी येणाऱ्यांनी मात्र आधीच तयारी ठेवावी.

एक बारीक पण त्रासदायक अडचण आमच्या भाच्याच्या बाबतीत आली. त्याच्या कार्डावर लसीची तारीख आकड्यांत, आपल्या पद्धतीने आधी दिवस मग महिना अशी लिहिलेली होती. इकडे आधी महिना वाचतात, त्यामुळे त्याची जुलैतील लस एप्रिलमधील ठरली आणि पारपत्राच्या प्रतींसह सगळी कागदपत्रे पुन्हा पाठवावी लागली. डॉक्टरांना महिना इंग्रजी अक्षरांत लिहायला सांगावा.

हडपसर

माझा प्रश्न थोडा निराळा आहे. आफ्रिकेतील मेनिंजायटिस आटोक्यात आणणारी लस आमच्या पुण्यात तयार झाली असे आपण अभिमानाने सांगतो. मग तीच लस आपल्या मुलांना का दिली जात नाही?

निदान

अभिमान रास्त आहे, आणि प्रश्नही. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या २६ देशांच्या पट्ट्यात कोरड्या, धुळीच्या ऋतूत मेनिंगोकोकसच्या साथी वारंवार येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून अधिक रुग्ण आणि सुमारे २५ हजार मृत्यू नोंदले गेले, आणि त्यामागे प्रामुख्याने ‘ए’ गट होता. या देशांना परवडेल अशी लस हवी होती. जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांच्या प्रकल्पात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने मेनॲफ्रिव्हॅक ही ‘ए’ गटाची कॉन्ज्युगेट लस बनवली, एका डोसची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत ठेवली आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत तिची पहिली मोठी मोहीम झाली. पुढे तीस कोटींहून अधिक लोकांना ती टोचली गेली आणि त्या पट्ट्यातून ‘ए’ गटाच्या साथी जवळजवळ नाहीशा झाल्या. मग सी, डब्ल्यू आणि एक्स हे गट शिल्लक राहिले, म्हणून सीरमने पाच गटांची मेनफाइव्ह लस आणली. जुलै २०२३ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये नायजेरिया ती वापरणारा पहिला देश ठरला. एक्स गटाविरुद्ध त्यापूर्वी कोणतीच लस नव्हती.

आपल्याकडे या आजाराची रीत वेगळी आहे. दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५-०६ मध्ये, तर मेघालय व त्रिपुरात २००८-०९ मध्ये साथी आल्या. मधल्या काळात रुग्ण तुरळक राहिले. दरवर्षी हजारो बालकांचा जीव घेणारे न्यूमोकोकस आणि हिब यांच्या लसी आधी मोफत कराव्यात हा सरकारी क्रम मला योग्यच वाटतो. साथ आली तर त्या भागात मोहीम काढून लस देता येते. आफ्रिकेच्या त्या पट्ट्यात नोकरीला जाणाऱ्या आपल्या अभियंत्यांनी मात्र पीतज्वराच्या लसीबरोबर ही लसही घेऊनच निघावे, विशेषतः डिसेंबर ते जून या काळात.

मृगसरी

एका बाजूने पाहता, हा आजार आपल्याकडे इतका तुरळक असेल तर सामान्य पालकांच्या मनात उगाच भीती भरतो आहोत असे नाही का वाटत? आमच्या संकुलातील पालकांच्या गटात हा धागा कोणी पाठवला आणि आता प्रत्येक जण पहिलीतल्या मुलाला ही लस द्यायची का असे विचारतो आहे.

वैनगंगा

मृगसरी, पहिलीतल्या निरोगी मुलाला, जो कुठेही प्रवासाला जाणार नाही, त्याला ही लस नाही दिली तर पालकांनी अपराधी वाटून घेऊ नये. परवडत असेल आणि डॉक्टरांशी बोलून द्यावीशी वाटली तर देण्यातही गैर काही नाही. ती सुरक्षित आहे, हात दुखणे किंवा एखाद दिवस कणकण येणे याहून अधिक त्रास सहसा होत नाही. त्या पालकांनी खर्च करण्याआधी मुलाचे लसीकरण कार्ड उघडून पेंटाव्हॅलेंट आणि न्यूमोकोकलचे सर्व डोस पूर्ण झाले आहेत का ते पाहावे. स्थलांतरात किंवा करोनाच्या काळात अनेक मुलांचे डोस राहून गेले आहेत. किती वयापर्यंत ते भरून काढता येतात हे लसीनुसार बदलते, तेवढे बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावे.

शेजारी एखादा रुग्ण आढळला तर काय करायचे हेही सांगून ठेवते, कारण त्या वेळी लोक लसीसाठी धावतात. मेनिंगोकोकसच्या रुग्णाच्या घरातील माणसे आणि अगदी निकटचे सोबती यांना तातडीने प्रतिजैविक द्यावे लागते आणि ते रिफाम्पिसिन, सिप्रोफ्लोक्सासिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन यांपैकी कोणते हे डॉक्टर ठरवतात. आजार उमटायला बहुधा दोन ते दहा दिवस लागतात आणि लसीचा परिणाम दिसेपर्यंत तो काळ निघून जातो. लस त्यानंतर, पुढच्या संरक्षणासाठी. वर्गात चार बाके सोडून बसलेल्या प्रत्येकाला हे औषध लागत नाही.

पैलतीर

निदान, मनापासून आभार. मुलीची लस इथेच घ्यायचे ठरवले आहे. सातमाळा यांना दिलेल्या उत्तरातली लेबलाची सूचना आणि ह्यूस्टनकर यांची तारखेची सूचना दोन्ही लिहून ठेवल्या आहेत. तिला सध्या सर्दी आहे. लस पुढे ढकलावी का?

निदान

साध्या सर्दीसाठी ढकलण्याची गरज नाही. अंगात जोराचा ताप असेल तर तो उतरेपर्यंत थांबावे.

काटेसावर

मी तालुक्याच्या ठिकाणी फिजिशियनना भेटून आलो. त्यांनी जुने डिस्चार्ज कार्ड पाहिले आणि तिथेच न्यूमोकोकलची लस टोचली. मेनिंगोकोकल त्यांच्याकडे नव्हती. ती मागवून महिनाभराने पहिला डोस आणि त्यानंतर दोन महिन्यांनी दुसरा असे त्यांनी लिहून दिले आहे. हिब आणि फ्लूचेही ठरले. त्यांनी प्रतिजैविकाच्या गोळ्याही घरात ठेवायला दिल्या आहेत, पण त्या नेमक्या केव्हा घ्यायच्या हे विचारायचे घाईत राहून गेले.

वैनगंगा

फार बरे केलेत. डॉक्टरांना आजच फोन करून डोस पक्का विचारून घ्या आणि तो गोळ्यांच्या पाकिटावरच लिहून ठेवा. सर्वसाधारण रीत अशी आहे: थंडी वाजून ताप आला की पहिली गोळी लगेच घ्यायची आणि त्याच पावली रुग्णालयात निघायचे, गोळीने उतार पडतो का हे पाहत घरी थांबायचे नाही, मग लसी सगळ्या झालेल्या असल्या तरीही. रुग्णालयात पोहोचताच ‘पानथरी नाही’ हे पहिल्या वाक्यात सांगायचे. घरातल्या दुसऱ्या एका माणसालाही हे पाठ असू द्या, कारण अशा तापात तुम्हाला स्वतःला बोलणे सुचेलच असे नाही. ‘पानथरी काढलेली आहे’ अशी चिठ्ठी पाकिटात आधार कार्डाच्या मागे ठेवा आणि तिच्यावर प्रत्येक लसीची तारीख लिहीत जा, म्हणजे पाच वर्षांनी वर्धक डोस केव्हा घ्यायचा तेही तिथेच दिसेल.